होकोतोको अँटपिट्टा: त्याला त्रास न देता कसा पाहावा

हा पक्षी भरवशाने दिसण्याची जागा म्हणजे दक्षिण इक्वादोरमधलं तापिचालाका अभयारण्य. लोहा शहरातून सुंबाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, यांगाना ओलांडलं की बायादोलिदच्या अलीकडे. आदल्या रात्री अभयारण्याच्या निवासातच मुक्काम करा. वनरक्षक सकाळीच पायवाटेवर ठरलेल्या जागी या पक्ष्यासाठी गांडुळं टाकतात. लोहाहून पहाटे निघून ती वेळ गाठणं फार धावपळीचं होतं.

पायवाटेने अर्धा-पाऊण तास चालावं लागतं. उंची सुमारे २५०० मीटर, त्यामुळे दम लागतो. चिखल घोट्यापर्यंत येतो, म्हणून ट्रेकिंगच्या बुटांपेक्षा गमबूट बरे. प्लॅस्टिकचा रेनकोट सळसळतो, कापडी घ्या.

ओळखायला सोपा आहे. आकाराने कबुतरापेक्षा थोडा लहान, पाय लांब, शेपूट आखूड, डोकं काळं आणि डोळ्याखाली मोठा पांढराशुभ्र पट्टा. बांबूच्या जाळीतून तो टणटण उड्या मारत येतो, मग एकदम थिजतो. तो थिजला की फोटो घ्या. ढगाळ जंगलात उजेड फार कमी असतो: आयएसओ ३२००, शटर १/१६० आणि मोनोपॉड (कॅमेऱ्याचा एकपायी स्टँड). तो काही मीटरवर येतो, त्यामुळे ३०० मिमीची लेन्स पुरते. फ्लॅश नको.

मोबाईलवर त्याचा आवाज अजिबात वाजवू नका. आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला असं समजून तो चारा आणि पिल्लं सोडून त्याला शोधत फिरतो. रोज नवा गट आला आणि प्रत्येकाने हेच केलं, तर त्या जोडीचा अख्खा हंगाम वाया जाऊ शकतो. गांडुळंही स्वतः टाकू नका. ती कुठली आणि किती द्यायची, हे वनरक्षकांवर सोडा.

आपल्याकडे मे-जूनमध्ये येणारा नवरंग (इंडियन पिट्टा) हा पक्षी याचा जवळचा नातलग नव्हे. कुळ वेगळं, जमिनीवर किडे टिपायची सवय तेवढी सारखी.

पक्षितज्ज्ञ रॉबर्ट रिजली आणि सहकाऱ्यांना हा पक्षी नोव्हेंबर १९९७ मध्ये सापडला. १९९९ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत तो संकटग्रस्त आहे. त्याचा वावर असलेला प्रदेश मुळातच चिंचोळा: दक्षिण इक्वादोर आणि लगतच्या पेरूमधलं ओलं, बांबूचं पहाडी जंगल. लाकडासाठी झाडं तोडणं आणि गुरांच्या कुरणासाठी जंगल जाळणं हे मुख्य धोके. १९९८ मध्ये स्थापन झालेलं, तापिचालाका चालवणारं होकोतोको फाउंडेशन जमीन विकत घेऊन ती राखतं. मुक्कामाचे आणि प्रवेशाचे पैसे त्या कामाला हातभार लावतात, म्हणून घासाघीस करू नका.

भारतातून जाणाऱ्यांनी निघण्याच्या किमान १० दिवस आधी पीतज्वराची (यलो फीव्हर) लस घ्यावी. परतताना लस घेतल्याचं पिवळं कार्ड नसेल तर विमानतळावरूनच ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात.