बटेर घरी आणलीत? मग आधी कुकर बाजूला ठेवा

हल्ली आमच्याकडे पुण्यात बऱ्याच चिकनवाल्यांकडे बटेर मिळायला लागलीय, कुणी क्वेल म्हणतं, आमच्या बार्शीकडे लावरी म्हणतात. लोक हौसेनं आणतात आणि घरी नेऊन कोंबडीसारखीच करतात, आणि मग म्हणतात की छे, नुसती हाडंच हाडं, चव काय कळलीच नाही. मीपण पहिल्यांदा हेच केलं होतं. सहा लावऱ्या, भरपूर मसाला, कुकरला तीन शिट्ट्या. झाकण उघडलं तर मांस हाडावरून सुटून तंतू तंतू झालेलं आणि बरगड्यांची टाचणीएवढी हाडं सगळ्या रश्श्यात पसरलेली. भाचा तेव्हा सहा वर्षांचा होता, त्याच्या घासात एक आलं, नशिबानं त्यानं लगेच थुंकलं. मी तो अख्खा रस्सा टाकून दिला. त्यानंतर बार्शीला आत्याकडे उभं राहून नीट शिकले. तिचं म्हणणं एकच, "अगं लावरी शिजवत नाही बसायचं, तिला आच दाखवायची." आता खाली जे लिहितेय ते सगळं त्या एका वाक्याभोवती आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट. माळावर पावसाळ्यात गवतातून भुर्रकन उडते ती लावरी, तित्तर, रानकोंबडी, मोर हे सगळे रानपक्षी आहेत आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्यांची शिकार बंद आहे, मांस विकत घेणं हासुद्धा गुन्हाच. कुणी रस्त्याकडेला पिशवीत घालून "गावठी लावरी" म्हणून विकत असेल तर घेऊ नका, प्लीज. खायची ती फार्मवर वाढवलेली जपानी बटेर. ही जात 1974 मध्ये अमेरिकेतून उत्तर प्रदेशात बरेलीजवळच्या इज्जतनगरला आणली, तिथून देशभर पसरली. पाचेक आठवड्यांत पक्षी तयार होतो, जिवंत वजन साधारण 180 ते 220 ग्रॅम, साफ केल्यावर हातात येते ती 120-150 ग्रॅमची. म्हणजे माणशी एक ही कमीच, जेवायला बसलेल्या मोठ्या माणसाला दोन धरा.

आता पोषणाचं. व्हॉट्सअॅपवर बटेरबद्दल काहीही फिरत असतं म्हणून आकड्यांत सांगते. कातडी काढलेल्या कच्च्या मांसात 100 ग्रॅमला साधारण 134 कॅलरी, 22 ग्रॅमच्या आसपास प्रोटीन आणि साडेचार ग्रॅम फॅट. कातडीसकट घेतलंत तर फॅट एकदम 12 ग्रॅमवर जातं आणि कॅलरी 190 च्या घरात. प्रोटीन चिकनच्या ब्रेस्टएवढंच आहे, त्यात काही जादू नाही. खरा फरक लोहाचा. लावरीत 100 ग्रॅमला चार ते साडेचार मिलिग्रॅम लोह असतं आणि चिकन ब्रेस्टमध्ये एक मिलिग्रॅमसुद्धा नसतं. आपल्याकडे बायकांना दिवसाला 29 मिलिग्रॅम आणि पुरुषांना 19 मिलिग्रॅम लोह लागतं असं आयसीएमआरचं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं) 2020 चं कोष्टक सांगतं, म्हणजे एका जेवणात दोन लावऱ्यांनी सगळं भागत नाही, पण मांसातलं लोह पालेभाजीतल्या लोहापेक्षा अंगाला जास्त लागतं, आणि सोबत बाजरीची भाकरी आणि वर लिंबू पिळलं की भाकरीतलं लोहही जरा बरं शोषलं जातं. घरात कुणाचं हिमोग्लोबिन कमी असेल तर जेवणात लावरी जरूर करा, फक्त डॉक्टरांच्या गोळ्या बंद करून नाही. आणि युरिक अॅसिड वाढलेलं असेल, गाऊटचा त्रास असेल तर जपून, बाकीच्या मांसासारखंच इथंही प्युरिन असतं, त्याचंच शरीरात युरिक अॅसिड होतं.

हे लोह एवढं का, ते मांसाच्या रंगातच दिसतं. कोंबडी उडत नाही म्हणून तिची छाती पांढरी, आणि जपानी बटेरीचे पूर्वज लांब लांब उडत जाणारे, त्यामुळे तिच्या छातीचं मांससुद्धा गडद, मांडीसारखं लालसर. इथंच बहुतेक जण फसतात. शिजल्यावरसुद्धा हे मांस चिकनसारखं पांढरंफटक होत नाही, तपकिरी-गुलाबीच राहतं, आणि मग आपल्याला वाटतं कच्चं राहिलं की काय, म्हणून अजून दहा मिनिटं, अजून दहा मिनिटं, आणि तेवढ्यात त्याचा पार चोथा होतो. रंग बघू नका. मांडीचा सांधा हातानं हलवला तर सैल हलला पाहिजे, सुरी टोचल्यावर येणारं पाणी स्वच्छ पाहिजे, लाल नको. किचन थर्मामीटर असेल तर उत्तमच, मांडीत हाडाला न टेकवता खुपसा, 74 डिग्री सेल्सियस दिसलं की झालं. तेवढं मात्र व्हायलाच हवं, अर्धवट पोल्ट्री खायची नाही.

आणताना काय बघायचं. छाती भरलेली, ओलसर, गडद गुलाबी. राखाडी झाक किंवा चिकट हात लागला तर सोडून द्या. पोटाच्या आत हिरवा डाग असेल तर पित्ताशय फुटलेलं असतं, तो भाग कडू लागतो, तेवढं कापून टाकायला सांगा. बहुतेक दुकानदार पिसं उपटायचा वेळ वाचवायला सरळ कातडी सोलतात. तव्यावर भाजायची असेल तर आधीच सांगा, "दादा, कातडी ठेवून साफ करून द्या", थोडे कुरकुरतात पण देतात. रश्श्याला सोललेली चालते.

घरी आणल्यावर नळाखाली धार सोडून धुऊ नका, शिंतोडे सगळ्या ओट्यावर उडतात आणि जंतू तिथं बसतात. एका भांड्यात पाणी घेऊन त्यात हलक्या हातानं धुवा, पाणी सावकाश ओता, मग हात आणि सिंक साबणानं. आत बोट घालून कण्याच्या दोन्ही बाजूंना चिकटलेली लाल स्पंजासारखी फुप्फुसं खरवडून काढा, तीच राहिली की उग्र वास येतो. मानेपाशी दाणे साठवायची छोटी पिशवी असते, ती कधीकधी राहून जाते, तीही बघा. मग स्वच्छ कापडानं किंवा टिश्यूनं टिपून कोरडी करा. हे कोरडं करणं आळसानं टाळू नका, ओली लावरी तव्यावर भाजत नाही, वाफाळते.

तव्यावरची लावरी ही माझ्या मते सगळ्यात भारी पद्धत. किचनची मजबूत कात्री घ्या, शेपटीकडून सुरू करून कण्याच्या दोन्ही बाजूंनी कापत वर जा, कणा काढून बाजूला ठेवा (टाकू नका, पुढे लागणारे), लावरी उताणी पसरवा आणि छातीवर तळव्यानं दाब द्या, कट्ट असा आवाज येतो आणि ती पुस्तकासारखी सपाट होते. आता एक लिटर पाण्यात चाळीसेक ग्रॅम मीठ विरघळवून त्यात पाऊण तास फ्रिजमध्ये बुडवून ठेवा. हे मांस मुळात कमी चरबीचं, मिठाच्या पाण्यानं आतला ओलावा टिकतो. बाहेर काढून पुन्हा टिपून कोरडी करा. मग मसाला अगदी बेताचा: आलं-लसूण पेस्ट, हळद, अर्धा चमचा काळं तिखट, एक चमचा तेल, मीठ आता नाही. दही-लिंबात रात्रभर मुरवायची चिकनची सवय इथं विसरा, एवढ्याशा मांसावर आंबटाचं काम वीस मिनिटांत होतं, जास्त ठेवलं की वरचा थर पिठूळ होतो.

बिडाचा तवा चांगला तापवा, तेलाचा धूर निघायच्या जरा आधी लावरी कातडीकडून खाली टाका आणि वर छोटं जड पातेलं ठेवा. चार मिनिटं हात लावायचा नाही. पहिल्या मिनिटाला चरचर मोठी असते, मग हळूहळू बारीक होत जाते, कडेनं कातडी बदामी दिसायला लागते आणि लावरी तव्यापासून आपोआप सुटते. चिकटलेली असेल तर अजून झाली नाही, ओढू नका. उलटवा, आच मध्यम करा, अजून चार-पाच मिनिटं, शेवटी चमचाभर तूप आणि चार ठेचलेल्या लसूण पाकळ्या टाकून ते तूप वरून सोडत राहा. मांडी टोचून बघा. उतरवल्यावर पाच मिनिटं तशीच ताटात राहू द्या, लगेच कापली तर सगळा रस ताटात. लिंबू खाताना पिळायचं.

आता रस्सा, आत्याचा. चार लावऱ्या, प्रत्येकीचे उभे दोनच तुकडे, जास्त नाही, जितके तुकडे जास्त तितके हाडांचे बारीक कपचे जास्त. हळद, मीठ, आलं-लसूण लावून अर्धा तास ठेवा. दोन कांदे उभे चिरून तेलावर काळसर भाजा, तीन चमचे सुकं खोबरं, एक चमचा तीळ वेगळं भाजा, दहा-बारा लसूण पाकळ्या आणि मूठभर कोथिंबीर घालून पाट्यावर नाहीतर मिक्सरला बारीक वाटा. पातेल्यात तीन पळ्या तेल, आमच्याकडे करडईचं असतं, शेंगदाण्याचंही चालेल. आधी लावऱ्या त्यात मोठ्या आचेवर दोन-तीन मिनिटं सगळ्या बाजूंनी परता आणि बाहेर काढून ठेवा. हीच ती आच दाखवणं. मग त्याच तेलात वाटण, दोन चमचे काळं तिखट, तेल सुटेपर्यंत परता, घाई करू नका, इथं दहा मिनिटं गेली तरी चालतील कारण मसाल्याला वेळ लागतो, लावरीला नाही. गरम पाणी घाला, उकळी आली की एक मोठा चमचा येसूर थोड्या गार पाण्यात कालवून सोडा. येसूर म्हणजे धान्य-डाळ आणि मसाले भाजून दळलेलं पीठ, बार्शी-लातूर भागात घरोघरी असतं, त्यानं रस्सा दाट होतो आणि भाजल्याचा खमंगपणा येतो. नसेल तर बाजरीचं पीठ कोरडं भाजून घाला.

मसाल्याचा रस्सा आठ-दहा मिनिटं उकळला की शेवटी लावऱ्या आत टाका, आच मंद, वर ताट ठेवून ताटात पाणी ओता. वाफ ताटाला लागून आत परत पडते आणि रस्सा आटत नाही, आटला तर ताटातलंच गरम पाणी वापरा. बारा ते पंधरा मिनिटं पुष्कळ झाली. आत्या झाकण काढते आणि नुसती मांडीला पळी लावून बघते, मी अजूनही थर्मामीटर लावते. वाढताना लहान मुलांच्या ताटात फक्त छातीचं मांस सोडवून द्या, हाडासकट देऊ नका, आणि मोठ्यांनीही हातानंच खा, चमच्यानं खाताना हाड कळत नाही.

अंड्यांचंही विचारतात सगळे, म्हणून थोडक्यात. एक अंडं दहा-बारा ग्रॅमचं, पाच अंडी म्हणजे कोंबडीचं एक. वजनाला वजन लावलं तर लोह कोंबडीच्या अंड्याच्या जवळपास दुप्पट, पण कोलेस्टेरॉलसुद्धा दुपटीच्या आसपास, तेव्हा डॉक्टरांनी अंडी मोजून खायला सांगितली असतील तर ही "छोटी आहेत" म्हणून डझनभर खाऊ नका. दम्यावर, किडनी स्टोनवर औषध म्हणून कच्ची अंडी दुधात घालून प्यायचं जे फॅड आहे ते कृपा करून करू नका, साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जंतूचा धोका या अंड्यांनाही असतो आणि लहान मुलं, म्हातारी माणसं, गरोदर बायका यांना तो फार महागात पडतो. उकळत्या पाण्यात पाच मिनिटं, मग लगेच गार पाण्यात, टोकाच्या जाड बाजूनं सोलायला सुरुवात करा, तिथं हवेची पोकळी असते.

आणि ते बाजूला ठेवलेले कणे, माना, पायांची टोकं. एका पातेल्यात घाला, हळद, मीठ, चार मिरी, ठेचलेलं आलं, दीड लिटर पाणी, मंद आचेवर पाऊण तास. वर फेस येईल तो काढत राहा. इथं मात्र हवं तर कुकर वापरा, कारण हाडं आपण टाकूनच देणार आहोत. हे अळणी पाणी (आमच्याकडे तिखट-मसाला नसलेल्या पाण्याला अळणी म्हणतात) गाळणीतून दोनदा गाळा, दुसऱ्यांदा पातळ कापडातून, म्हणजे टाचणीएवढं हाडही राहणार नाही. भाचा आता हेच मऊ भातावर ओतून, वर तूप घालून खातो, आणि रश्श्याआधी तेच मागतो.