शिरपेच, तुरा, कलगी: राजाने दिलेला दागिना कसा वाचायचा

पेपरात दर दोन दिवसांनी 'शिरपेचात मानाचा तुरा' छापून येतं, पण चित्र समोर ठेवून यातला शिरपेच कुठला न् तुरा कुठला विचारलं की बरेच जण अडकतात, म्हणून लिहितेय.

आधी पगडी बघा. कपाळाच्या वर मधोमध बांधलेला जडावाचा दागिना तो शिरपेच. बाजूने लोंबणारा मोत्यांचा किंवा जरीचा झुबका तो तुरा. पिसासारखी ताठ वर जाते ती कलगी, आणि मुळात ती खऱ्या पिसाचीच असायची. म्युझियममध्ये शिरपेच मागची बाजू दिसेल असा ठेवला असेल तर ती चुकवू नका. दोन्ही टोकांना दोरी ओवायच्या कड्या दिसतात, आणि जी बाजू डोक्याला टेकणार, कुणाच्या नजरेलाही पडणार नाही, तिच्यावर कित्येकदा लाल-हिरव्या मिन्याची (धातूवर चढवलेल्या काचेसारख्या रंगाची) फुलं असतात. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा तिथून पाय निघेना.

मग विचारायचं, दिला कोणी आणि कोणाला. किंमत नंतर. मानाच्या पोशाखाला खिलत म्हणायचे, मूळ अरबी शब्दात अंगावरून उतरवणं हा अर्थ आहे, म्हणजे राजाने स्वतःच्या अंगावरचं काढून तुम्हाला दिलं. जवाहीर त्याच्यासोबतच यायचं. आणि ते अंगावर घेतलं की देणारा मोठा हे भर दरबारात कबूल केलं.

म्हणून कोणाला मिळालं नाही आणि कोणी घेतलं नाही हेसुद्धा बघा. १२ मे १६६६, आग्रा. औरंगजेबाच्या दरबारात इतरांना खिलती वाटल्या, शिवाजी महाराजांना नाही. ते संतापून बाजूला गेले, मग समजूत काढायला खिलत पुढे केली तर ती त्यांनी साफ नाकारली. माझ्या मते त्या दिवसातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच.

आता आठ वर्षं पुढे या, ६ जून १६७४, रायगड. यावेळी देणारे महाराज. इंग्रजांचा वकील, म्हणजे दूत, हेन्री ऑक्झेंडन लांब उभा, त्याच्या दुभाष्याने, नारायण शेणवीने, नजराण्याची हिऱ्याची अंगठी महाराजांना दिसेल अशी वर धरली, महाराजांचं लक्ष गेलं, त्यांना सिंहासनाच्या पायरीपर्यंत बोलावलं आणि वस्त्रं दिली. खालून वर जातो तो नजराणा, वरून खाली येतो तो मान. दिशा कळली की निम्मं काम झालं.

शेवटी काय काय दिलं ते मोजा. १७९२ ला महादजी शिंद्यांनी बादशहाकडून सवाई माधवरावांसाठी वकील-ए-मुतलकीची (बादशहाच्या सर्वाधिकारी प्रतिनिधीपदाची) खिलत पुण्यात आणली त्यात नऊ वस्त्रं, पाच जवाहिराचे नग, शिवाय ढाल-तलवार, कलमदान, शिक्का, मोरचेलं (मोरपिसांच्या चवऱ्या), नालकी (पालखीसारखंच मानाचं वाहन), पालखी. कलमदान आणि शिक्का म्हणजे कारभाराचा अधिकारच हातात दिला.

प्रॅक्टिससाठी जेम्स वेल्सने त्याच सुमारास काढलेलं सवाई माधवराव आणि नाना फडणवीसांचं चित्र घ्या, मूळ लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे पण नेटवर मिळतं. झूम करा, पेशव्यांच्या पगडीपासून सुरुवात करा, मग गळा, मग शेजारी नाना.