अंबडला काम लागलंय? खोलीआधी पाळी विचारा

सुरगाण्याहून, पेठहून पोरं नाशकात कामाला निघाली की मला फोन येतो, "ताई, स्वस्तातली खोली बघ ना." स्वस्तातली बघू नकोस म्हटलं की त्यांना वाटतं, ताईला शहर चढलं.

आम्ही २०२२मध्ये आलो तेव्हा म्हसरूळला २,५०० रुपयांत खोली घेतली. गावाकडची माणसं पेठ रोडच्या बाजूला राहतात, म्हणून आम्हीही तिकडेच. काम अंबडला, शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एमआयडीसीत. निमाणीला बस बदलायची, जाऊन-येऊन ५० रुपये आणि अडीच तास. २६ दिवसांचे तिकिटाचे १,३०० रुपये झाले आणि ६५ तास, म्हणजे आठ पाळ्या नुसत्या बसमध्ये. तशीच खोली कामटवाड्याला ३,८०० ला मिळत होती. फरक तेराशेचाच! हा हिशोब मला वर्षभराने सुचला.

पैशाची बरोबरी झाली असती तरी चाललं असतं. पण दुपारी पाळी सुटायच्या आधी सुपरवायझर लाइनवरून फिरायचा. "राहायला कुठं?" चुंचाळे, कामटवाडे म्हणणाऱ्या बाया ओव्हरटाइमला थांबायच्या. मी म्हसरूळ म्हटलं की तो पुढच्या बाईकडे वळायचा. 'तू नको' असं मला कधी कुणी म्हटलं नाही. कायद्याने ओव्हरटाइमला दुप्पट पैसे असतात, आणि तो पत्त्यावरून वाटला जात होता.

तेव्हा पहिला प्रश्न कंपनीत विचारायचा: पाळी कोणती? ७ ते ३, ३ ते ११ की ११ ते ७? फिरती असेल तर रात्री ११ ची धरूनच खोली बघा. कंपनीची बस आहे म्हणाले तर ठेकेदाराकडच्या कामगारांना घेतात का, हेही विचारा. ते कुणी आपणहून सांगत नाही.

अंबडसाठी चुंचाळे, कामटवाडे आणि सिडकोच्या गल्ल्या बघा. सिडकोची घरं मुळात सातपूर-अंबडच्या कामगारांसाठीच बांधली. आता मालकांनी मजल्यावर मजले चढवलेत आणि वरच्या खोल्या भाड्याने असतात. सातपूरसाठी अशोकनगर, श्रमिकनगर. काम मुसळगाव किंवा माळेगावला असेल तर सरळ सिन्नरलाच राहा, रोजचे तीस किलोमीटर जायचे आणि तीस यायचे झेपत नाहीत. (हे माळेगाव सिन्नरचं. आमच्या गावचा एक पोरगा मालेगावच्या एसटीत बसला होता.)

मालक आडनाव विचारेल, मग गाव, मग "म्हणजे कोण तुम्ही?" आमच्या वेळी एका दारात एवढ्यावरच "खोली गेली" झालं. पाटी अजून लटकत होती. अशा दारात वाद घालण्यात दिवस घालवू नका, कंपनीतल्या बाईला सोबत घेऊन पुढची गल्ली धरा. खोल्या पाटीपेक्षा ओळखीनेच जास्त मिळतात. लाइटचं सब-मीटर असेल तर युनिटचा दर आधी ठरवा. मालकाचा दर कधी कधी बिलापेक्षा चढा असतो.

आणि करारनामा. बहुतेक अकरा महिन्यांचा करतात. त्याची नोंदणी करून घेणं कायद्याने मालकाचं काम आहे, तरी "कशाला खर्च?" म्हणतात. आमच्या पहिल्या मालकाने केला नाही. आरटीईच्या (खाजगी शाळेत गरिबांच्या मुलांना मोफत प्रवेश) २५ टक्के जागांमध्ये एक किलोमीटरच्या आतल्या मुलांना आधी घेतात, पण भाडेकरूला तिथला पत्ता दाखवायला नोंदवलेला करारनामाच लागतो. आमच्या पोरीचा अर्ज त्यापायी राहिला. शाळा समोर दिसत होती. त्यामुळे खर्च अर्धा-अर्धा करू म्हणा, पण कागद घ्या. रेशनचं तसं नाही, गावचं कार्ड इथल्या दुकानात अंगठा लावून चालतं.

डिपॉझिट देण्याआधी एकदा रात्री अकराला कंपनीच्या गेटपासून खोलीपर्यंत चालत या. दिवसा दलाल दाखवतो तो रस्ता रात्री वेगळाच असतो. धाकट्या बहिणीसाठी आम्ही एक छान खोली बघितली होती, नळ आतच, भाडंही कमी. पण रात्री गेलो तर गेटपुढच्या वळणानंतर दोन बंद शेड, खांबावर दिवा नाही आणि सात-आठ कुत्री. तिची पाळी ३ ते ११. तिनेच म्हटलं, "ताई, दुसरी बघू."