गटचर्चा रंगते, वही कोरी राहते: समाजशास्त्र शिकवताना या चुका टाळा

अकरावी-बारावीच्या समाजशास्त्राच्या तासाला गटचर्चा घ्यायचं ठरतं. फळ्यावर विषय लिहिला जातो, ‘हं, बोला आता’ म्हटलं जातं आणि मग दोनपैकी एक होतं. एक तर साठच्या साठ मुलं खाली माना घालून बसतात, नाहीतर चारजण हमरीतुमरीवर येतात आणि बाकीचे छप्पन्न मजा बघतात. दोन्ही वेळी खापर मुलांवरच फुटतं: ‘आपल्याकडची पोरं बोलतच नाहीत.’

हे खरं नाही. मराठवाड्यातल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला भावकी, सोयरीक, उचल (आगाऊ घेतलेली मजुरी), सालगडी (वर्षाच्या बोलीवर ठेवलेला शेतमजूर), तांडा हे शब्द कुणी शिकवावे लागत नाहीत. सालगड्याचं साल पाडव्याला ठरतं आणि पुढच्या पाडव्याला संपतं, हे त्याला पुस्तकाआधी माहीत असतं. समाजशास्त्राचा कच्चा माल घेऊनच तो वर्गात येतो. चर्चा फसते ती बहुतेक वेळा तास सुरू होण्याआधीच. प्रश्न चुकलेला असतो, गट चुकीचे पडलेले असतात, नाहीतर शेवटची दहा मिनिटं राखून ठेवलेली नसतात.

‘शाप की वरदान’ छापाचा प्रश्न

‘जातिव्यवस्था: शाप की वरदान?’, ‘एकत्र कुटुंब चांगले की विभक्त?’ हे वक्तृत्व स्पर्धेचे विषय आहेत. असा प्रश्न दिला की मूल विचार करत नाही, भाषण आठवतं. ते उभं राहतं, ‘सन्माननीय व्यासपीठ’ म्हणतं, दोन सुविचार टाकतं आणि टाळ्या घेऊन बसतं. त्यात बघितलेलं, मोजलेलं काहीच नसतं.

चर्चेचा प्रश्न असा हवा की उत्तर द्यायला डोळ्यांसमोर काहीतरी आणावंच लागेल. ‘गावात नळाला पाणी आलं की पहिल्यांदा कुठल्या आळीला मिळतं आणि शेवटी कुठल्या वस्तीला?’ हा प्रश्न सामाजिक विषमतेचा आहे, पण त्यात ‘विषमता’ हा शब्द नाही. प्रत्येक गटाला एक कोरा कागद द्या. कुणा एकाचं गाव निवडून दहा मिनिटांत आठवणीने नकाशा काढू द्या: वेस, मारुतीचं देऊळ, पाण्याची टाकी, शाळा, दर्गा, समाजमंदिर, तांडा, स्मशानभूमी. मग टाकीपासून पाइपलाइन काढायला सांगा. लाइन कुठे संपते ते कागदावर दिसलं की कुणाला ढकलून बोलतं करावं लागत नाही.

याहून सोपी वस्तू म्हणजे लग्नपत्रिका. उन्हाळ्यात घरोघर येणाऱ्या पत्रिका टाकून देऊ नका, गठ्ठा करून ठेवा. गटाला पाच पत्रिका पुरतात. वाटण्याआधी आडनावांवर कागदाची पट्टी चिकटवा, नाहीतर चर्चा ‘हे आमच्या पाहुण्यातले’ इथेच अडकते. विचारायचं एवढंच: दोन्ही गावांमधलं अंतर किती? मामाचं नाव कुठे आहे? बायकांची नावं आहेत का, असली तर कुठल्या ओळीत? कुणाच्या नावापुढे सरपंच, चेअरमन, गुरुजी लावलंय? वराच्या नावाआधी नुसतं ‘चि.’, मग वधूच्या नावाआधी ‘चि. सौ. कां.’ का?

‘सौभाग्यकांक्षिणी’ या एका शब्दावर वीस मिनिटं सहज जातात. बाईचा दर्जा लग्नाशी बांधलेला आणि पुरुषाचा मात्र नाही, हे मुली स्वतःच बोलून दाखवतात. मग शेवटचा, सगळ्यात चांगला प्रश्न: आडनाव झाकलंय, जात कुठेच छापलेली नाही, तरी वाचणाऱ्याला ती बऱ्याचदा कळते, कशावरून? कुलदैवत, वरचं चित्र, ‘शुभविवाह’ की ‘मंगल परिणय’, खालचं अभिवादन. जातीतल्या जातीत होणारं लग्न हाच जातिव्यवस्थेचा गाभा आहे, ही मांडणी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात केली. ती इथे सांगा, आधी नको. पत्रिका हातात धरून ‘अंतर्विवाह’ शिकलेलं मूल तो शब्द विसरत नाही.

हजेरीपटावरून पाडलेले गट

‘एक ते पाच एक गट, सहा ते दहा दुसरा’ ही सोय दिसते, पण हजेरीपट आडनावाच्या अक्षरक्रमाने असतो. एका आडनावाची, एका गावची, कधी एका भावकीची मुलं आपोआप एका गटात येतात. आणि मुलींची यादी वेगळी असेल तर मुली वेगळ्याच पडतात. जिथे वेगवेगळे अनुभव समोरासमोर यायला हवेत, तिथे सगळ्यांचा अनुभव एकच असतो.

मोजून गट पाडतानाही एक चूक हमखास होते. पाचांचे गट हवेत म्हणून शिक्षक ‘एक ते पाच’ मोजायला लावतात, आणि साठ मुलांत बारा-बारांचे पाच गट पडतात. बारांच्या गटात आठजण बघेच राहतात. पाचांचे बारा गट हवे असतील तर एक ते बारा मोजायचं. शेजारी बसलेले मित्रही आपोआप वेगळे होतात.

लांब, जड बाक हलवत बसू नका. चाळीस मिनिटांच्या तासातली सात-आठ त्यातच जातात. पुढच्या बाकावरच्यांनी मागे तोंड केलं की गट झाला. गटात एकटी मुलगी कधीही ठेवू नका, दोघी तरी हव्यात. पहिला महिनाभर मुलींचे स्वतंत्र गट ठेवले तरी बिघडत नाही, आवाज फुटला की मिसळा. आणि लिहायचं काम दर वेळी ‘अक्षर चांगलं’ म्हणून मुलीकडेच जातंय का, याकडे लक्ष ठेवा. जी लिहिते ती बोलत नाही. लिहिणारा, वेळ बघणारा, वर्गासमोर मांडणारा ही कामं दर तासाला बदलली पाहिजेत.

‘तुमच्यात कसं असतं?’

ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे, आणि ती बहुतेकदा चांगल्या हेतूने होते. जात, जमात, धर्म यांवर चर्चा सुरू असते आणि शिक्षक एका मुलाकडे वळून विचारतात, ‘तू सांग रे, तुमच्यात कसं असतं?’ त्या क्षणी ते मूल विद्यार्थी राहत नाही, एका समाजाचा नमुना होऊन जातं. सगळा वर्ग वळून बघतो. ते काहीतरी दोन शब्द बोलतं, आणि त्यानंतर वर्षभर बोलत नाही.

तसंच, ज्या तासाला जातीवर चर्चा आहे त्याच तासाच्या सुरुवातीला ‘स्कॉलरशिपचे फॉर्म भरायचे राहिलेले उभे राहा’ असं पुकारू नका. ते काम ऑफिसात, नाहीतर दुसऱ्या तासाला करा. शेतकरी आत्महत्येचा विषय असेल तर वर्गात तसं दुःख सोसलेलं घर असू शकतं, हे धरूनच चाला. आदल्या दिवशी वर्गाला विषय सांगून ठेवा आणि त्या तासाला ग्रंथालयात बसायची मोकळीक द्या, कारण न विचारता.

उपाय असा: ‘मी’ आणि ‘तू’ काढून टाका, चिठ्ठीवरचं माणूस आणा. चार-पाच ओळींचा प्रसंग लिहा, त्यात गाव आणि नाव काल्पनिक ठेवा. ‘बारावीतल्या मुलीचं स्थळ आलंय. बापाने दिवाळीत मुकादमाकडून उचल घेतलीय. आजी म्हणते, पोरगी एकटी घरी ठेवून फडावर कसं जायचं?’ (मुकादम म्हणजे ऊसतोड मजुरांची टोळी नेणारा, फड म्हणजे तोडणीचं उसाचं शेत.) प्रश्न एकच: या घरात निर्णय कोण घेतं आणि त्याच्यावर कशाकशाचा दाब आहे? ज्याला स्वतःचा अनुभव सांगायचा आहे तो या पात्राच्या आडून सांगतो, आणि उघडा पडत नाही.

आरक्षणाचा विषय निघाला की वर्ग तापतो. जालना-बीडकडच्या वर्गात तो २०२३च्या मराठा आरक्षण आंदोलनापासून न बोलताही हजर असतो, त्यामुळे तो टाळूनही टळत नाही. पण तो पहिल्या महिन्यात घेऊ नका, आणि दोन बाजू पाडून तर कधीच नको. आवाज चढले की चर्चा थांबवा. ओरडायचं नाही. सगळ्यांना दोन मिनिटं वहीत लिहायला सांगा: आत्ता समोरचा जे बोलला ते त्याच्या शब्दांत. मग एकेक वाक्य घेऊन विचारा, हा अनुभव आहे, मत आहे की पडताळता येणारा दावा? दावा असेल तर पुरावा कुठे मिळेल? दोन मिनिटं हात लिहिता राहिला की आवाज खाली येतो.

समोरच्यावाचून आपलं काम अडतं अशी रचना केली की तेढ कमी होते, हे जुनं आहे. अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये १९७१ साली गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं एका वर्गात आली आणि खटके उडू लागले, तेव्हा मानसशास्त्रज्ञ इलियट अ‍ॅरन्सन यांनी धड्याचे तुकडे करून प्रत्येक मुलाला एकच तुकडा दिला. पूर्ण धडा कळायचा तर सगळ्यांचं ऐकणं भाग. ‘जातीची वैशिष्ट्ये’ किंवा ‘सामाजिक चळवळी’ हे पाठ पाच तुकड्यांत सहज बसतात.

डिसेंबरात स्थलांतर

पाठ्यक्रमाच्या क्रमाने गेलं की स्थलांतर आणि श्रम हे विषय हिवाळ्यात येऊ शकतात. त्या वेळी ऊसतोडीच्या घरांतली मुलं आई-बापासोबत फडावर असतात, नाहीतर घर सांभाळत कॉलेज बुडवत असतात. ज्यांना ठाऊक आहे त्यांची बाकं रिकामी, आणि ज्यांनी फड पाहिला नाही ते फडावर बोलतात. हा विषय दिवाळीआधी उरका. एसटीने येणारी मुलं किती वाजता उठून जातात तेही बघा. शेवटच्या तासाला गटचर्चा ठेवली तर अर्धे गट मोडतात.

शांततेला घाबरणं

प्रश्न विचारून शिक्षक सरासरी एक सेकंद थांबतात आणि मग स्वतःच उत्तर देतात, असं अमेरिकन शिक्षणसंशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गांच्या ध्वनिफिती तपासून दाखवलं. थांबणं तीन सेकंदांवर नेलं की उत्तरं लांबतात आणि गप्प मुलंही बोलू लागतात. मनात पाच आकडे मोजा. त्याआधी तीन मिनिटं एकट्याने लिहायला द्या, मग शेजाऱ्याशी दोन मिनिटं, मग गट. कोरी पाटी घेऊन बसलेलं मूल गप्पच बसणार.

आणि बोली दुरुस्त करू नका. ‘आमच्याकडं बाया निंदायला जायल्या, पण सातबारा त्यांच्या नावानं न्हाई’ असं कुणी म्हणालं तर त्यात मालमत्ता, श्रम आणि लिंगभाव तिन्ही आले. ‘जायल्या नाही, जातात म्हण’ एवढं बोललात की ती मुलगी परत बोलणार नाही. प्रमाण मराठी उत्तर लिहिताना बघू.

नुसती मतं, आकडा एकही नाही

‘आता मुलामुलींत भेद राहिला नाही’ असं वर्गात कुणीतरी म्हणतंच. खोडून काढू नका, आकडा पुढे ठेवा. २०११च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे महाराष्ट्रात ८९४ मुली होत्या, बीड जिल्ह्यात ८०७. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या राज्यात २१.९ टक्के निघाल्या, परभणी जिल्ह्यात ४८. प्रत्येक विषयाला असे दोन-तीन आकडे एका कागदावर, वर्ष आणि उगम लिहून द्या. जास्त नकोत. मोबाइलवर फिरणाऱ्या मजकुराला उत्तर म्हणून एवढे पुरतात.

घंटा होईपर्यंत चर्चा

चर्चा ऐन रंगात येते, घंटा होते, मुलं खूश होऊन उठतात. परीक्षेत ‘श्रमविभागणी स्पष्ट करा’ आलं की त्यांना लिहिता येत नाही, आणि मग शिक्षक म्हणतात, गटचर्चेत वेळ जातो. वेळ चर्चेत जात नाही, चर्चेला नाव न दिल्याने वाया जातो.

चाळीस मिनिटांची वाटणी अशी धरा: प्रसंग आणि प्रश्न ५, एकट्याने लिहिणं ३, गट १२, मांडणी १०, आणि शेवटची १० फळ्यासाठी. मांडणीत सगळ्या बारा गटांना बोलवू नका. चार गट बोलतील, बाकीच्यांनी फक्त वेगळं असेल ते सांगायचं. फळ्यावर तीन रकाने: काय सांगितलं, कशावरून, समाजशास्त्रात याला काय म्हणतात. पहिल्या रकान्यात मुलांचेच शब्द लिहा. ‘नवरा-बायको मिळून एक कोयता’ (ऊसतोडीत जोडीला ‘कोयता’ म्हणतात) असं कुणी म्हणालं तर तसंच. दुसऱ्यात, उचल जोडीच्या नावावर मिळते आणि व्यवहार मुकादम नवऱ्याशी करतो. तिसऱ्यात लिंगाधारित श्रमविभागणी. मुलांनी तिन्ही रकाने वहीत उतरवले की चार गुणांचं उत्तर तयार आहे, उदाहरणासकट.

चर्चेत काही उघड झालं तर

प्रसंगाच्या आडून बोलता बोलता एखादी मुलगी सांगून जाते की पुढच्या महिन्यात तिचंच लग्न आहे. तिथे चौकशी करू नका, उदाहरण म्हणून तर मुळीच वापरू नका. चर्चा दुसरीकडे वळवा, तासानंतर शिक्षिकेला सोबत घेऊन तिच्याशी बोला. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आहे, आणि गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी ग्रामसेवक (आताचा ग्रामपंचायत अधिकारी) असतो. लैंगिक अत्याचाराचं काही कळलं तर ते पोलिसांना कळवणं पोक्सो, म्हणजे लैंगिक अत्याचारांपासून बालकांच्या संरक्षणाच्या, कायद्याने (२०१२) बंधनकारक आहे. तिथे ‘घरचं प्रकरण आहे’ म्हणून गप्प बसता येत नाही.

मोबाइल दप्तरात, बंद. जातीवरच्या चर्चेतलं अर्धं वाक्य स्टेटसला लागलं तर संध्याकाळपर्यंत दोन गावांत पोहोचतं. हा नियम पहिल्या दिवशी फळ्यावर लिहा आणि तो शिक्षकांच्या मोबाइललाही लागू ठेवा. उपक्रमाच्या अहवालाला फोटो हवा असेल तर बाकांवरच्या नकाशांचा काढा.