नाकातल्या थेंबांची सवय सोडवताना

सर्दीने चोंदलेले नाक पाच-दहा मिनिटांत मोकळे करणारे थेंब आणि स्प्रे औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय सहज मिळतात, आणि म्हणूनच चार दिवसांच्या सर्दीसाठी आणलेली बाटली पुढे कित्येक महिने उशाशी राहते. ताप नाही, शिंका नाहीत, नाक वाहत नाही. तरीही थेंब टाकल्याशिवाय झोप लागत नाही, पूर्वी रात्रभर पुरणारा परिणाम आता दोन-तीन तासांत ओसरतो आणि बाटली घरी विसरली तर जीव घाबरा होतो, अशी अवस्था असेल तर नाक सर्दीने नव्हे, त्या थेंबांनीच चोंदत आहे असे समजावे. वैद्यकशास्त्रात याला रायनायटिस मेडिकामेंटोसा म्हणतात. तो बहुतेकांचा पूर्ण बरा होतो, मात्र त्यासाठी थोडी आखणी करावी लागते.

नाकाच्या आतल्या बाजूस टर्बिनेट नावाच्या वळणदार हाडांवर रक्तवाहिन्यांनी भरलेले मऊ अस्तर असते. ते फुगले की नाक चोंदते. थेंबांतील औषध या रक्तवाहिन्या आकुंचित करते, त्यामुळे अस्तर आक्रसते आणि वाट मोकळी होते. परंतु सलग वापर होत राहिला की रक्तवाहिन्या औषधाला पूर्वीसारखा प्रतिसाद देत नाहीत आणि परिणाम ओसरताच अस्तर आधीपेक्षा जास्त फुगते. मग आणखी थेंब टाकले जातात, आणि हे चक्र चालू राहते. म्हणूनच हे औषध सलग तीन दिवसांपेक्षा, फार तर पाच दिवसांपेक्षा अधिक वापरू नये असे सांगितले जाते.

सर्वप्रथम बाटलीवरील घटक वाचावेत. झायलोमेटाझोलीन किंवा ऑक्सिमेटाझोलीन ही नावे असतील तर सवय लावणारे औषध तेच. केवळ सोडियम क्लोराइड, म्हणजे मिठाचे पाणी असेल तर त्याची अशी सवय लागत नाही. एकाच कंपनीच्या सारख्या दिसणाऱ्या बाटल्यांत वेगवेगळे घटक असू शकतात, त्यामुळे बाटलीच्या रंगावर विसंबू नये. यानंतर कान-नाक-घसा तज्ज्ञांना एकदा भेटावे, आणि थेंब किती महिने व दिवसातून किती वेळा वापरले हे काहीही न लपवता सांगावे. ही तक्रार त्यांच्या रोजच्या पाहण्यातली असते. उच्च रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू, थायरॉइड किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांनी आणि गर्भवती स्त्रियांनी ही भेट मुळीच टाळू नये.

डॉक्टर बहुधा फ्लुटिकासोन, मोमेटासोन किंवा ब्युडेसोनाइड यांपैकी एखादा स्टिरॉइडचा नाकातला स्प्रे देतात. स्टिरॉइड हा शब्द ऐकून अनेक जण तो घेतच नाहीत, आणि मला ही भीती फार नुकसानकारक वाटते. सांगितलेल्या मात्रेत या स्प्रेमधील औषध रक्तात अत्यल्प प्रमाणात जाते आणि त्याने नाक उलटून चोंदत नाही. मात्र तो मिनिटांत काम करत नाही. काही दिवसांनी फरक जाणवू लागतो आणि पूर्ण परिणामासाठी एक-दोन आठवडे लागतात, त्यामुळे दोन दिवसांत उपयोग नाही म्हणून तो टाकून देऊ नये. स्प्रे मारताना डोके मागे न टाकता किंचित पुढे झुकवावे, उजव्या नाकपुडीसाठी डावा हात आणि डाव्या नाकपुडीसाठी उजवा हात वापरावा, आणि टोक नाकाच्या मधल्या पडद्याकडे नव्हे तर बाहेरच्या बाजूस, कानाच्या दिशेने रोखावे. पडद्यावर वारंवार फवारा बसला तर तेथून रक्त येऊ शकते. फवाऱ्यानंतर श्वास जोराने ओढला तर औषध घशात उतरते, म्हणून हळूच श्वास घ्यावा.

थेंब एकदम बंद करणे ज्यांना जमते त्यांनी तसे करावे. ज्यांना रात्रीच्या कल्पनेनेच धास्ती वाटते त्यांच्यासाठी एक-एक नाकपुडी सोडवण्याची पद्धत मला अधिक माणुसकीची वाटते. एका नाकपुडीत थेंब पूर्णपणे थांबवावेत आणि दुसरीत तूर्त फक्त रात्री, कमीत कमी मात्रेत टाकावेत, म्हणजे निदान एका बाजूने श्वास चालू राहतो. स्टिरॉइडचा स्प्रे मात्र दोन्हीकडे चालू ठेवावा. थांबवलेली बाजू पहिले काही दिवस अगदी बंद वाटेल, मग हळूहळू मोकळी होऊ लागेल; ती पुरेशी सुटली की दुसरीकडचे थेंबही बंद करावेत. या काळात एक गोष्ट ध्यानात ठेवावी: निरोगी माणसाच्याही नाकपुड्या काही तासांच्या अंतराने आलटून-पालटून थोड्या चोंदतात. त्याला आजार समजून बाटलीकडे हात नेऊ नये.

दिवसातून एक-दोनदा मिठाच्या पाण्याने नाक धुतल्याने चांगला आराम मिळतो. जलनेतीची सवय असणाऱ्यांना ही कृती नवी नाही. साधारण 240 मिलिलिटर पाण्यात पाव चहाचा चमचा आयोडीन नसलेले मीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा घालावा. पाणी उकळून कोमट केलेलेच हवे, थेट नळाचे कधीही वापरू नये. पाण्यातील नेग्लेरिया फाउलेरी हा अमिबा नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचल्यास जिवावर बेतते. नेतीपात्रही रोज स्वच्छ धुऊन कोरडे ठेवावे.

खरी परीक्षा रात्रीची असते. उशी वाढवून डोके थोडे उंच ठेवावे, झोपण्यापूर्वी नाक धुवावे, आणि शक्य असल्यास दुसऱ्या दिवशी महत्त्वाचे काम नसेल अशा वेळी सुरुवात करावी. मेंथॉलच्या मलमाने गारवा जाणवून नाक सुटल्यासारखे वाटते, पण प्रत्यक्षात वाट रुंदावत नाही. तरीही तेवढ्या दिलाशाने झोप लागत असेल तर मोठ्यांनी ते छातीला लावण्यास हरकत नाही. वाफारा घेताना उकळत्या पाण्याचे भांडे मांडीवर किंवा अंथरुणात घेऊ नये. रक्तदाब असणाऱ्यांनी थेंबांऐवजी सर्दीच्या गोळ्या मनाने सुरू करू नयेत, कारण त्यांतही रक्तवाहिन्या आकुंचित करणारे औषध असू शकते.

थेंब सुटले तरी ज्या कारणाने ते सुरू झाले ते कारण तसेच राहू शकते. धुळीची किंवा परागकणांची ॲलर्जी, वाकडा पडदा, नाकातील पॉलिप (अस्तराची मऊ वाढ) यांपैकी काही असेल तर त्यावर स्वतंत्र उपचार घ्यावेत, नाहीतर पुढच्या ऋतुबदलात बाटली पुन्हा घरात येते. थेंब बंद करून तीन-चार आठवडे उलटले तरी नाक सुटत नसेल, किंवा चोंदणे कायम एकाच बाजूला असून त्यातून रक्त येत असेल, तर दुर्बिणीने नाकाची तपासणी करून घ्यावी.

पुढे कधी कडक सर्दीत हे थेंब वापरावे लागलेच, तर डॉक्टरांना विचारून, बाटलीवर सुरुवातीची तारीख लिहून वापरावेत आणि तीन दिवसांनंतर थांबावे. बाटली लहान मुलांच्या हाताला लागेल अशी कोठेही ठेवू नये, कारण एक-दोन मिलिलिटर औषध पोटात गेले तरी लहान मुलाला गुंगी येऊन हृदयाचे ठोके धोकादायकरीत्या मंदावू शकतात. असे घडल्यास मुलाला उलटी करवण्यात वेळ न दवडता, बाटली सोबत घेऊन तडक रुग्णालय गाठावे.