दोन वेगवेगळ्या वर्षांची गाणी तोलताना या चुका टाळा

‘आता पूर्वीसारखी गाणी होत नाहीत’ हा वाद जरूर घालावा. गाण्यांवर जीव असणारेच तो घालतात. पण तो बहुतेक वेळा भरकटतो, आणि त्याची कारणं ठरलेली असतात.

निवडक विरुद्ध सरसकट

सगळ्यात मोठी चूक हीच. १९७५ मधलं जे आज कानावर पडतं, ते रेडिओने, ऑर्केस्ट्रांनी आणि घरोघरच्या गुणगुणण्याने पन्नास वर्षं गाळून ठेवलेलं असतं. त्या वर्षीची सुमार गाणी आता कुणी लावतच नाही. यंदाचं मात्र बरंवाईट सगळंच समोर येतं. यावर उपाय कष्टाचा आहे: त्या वर्षीच्या चित्रपटांची यादी काढा आणि कधी न ऐकलेल्या चार-पाच चित्रपटांची सगळी गाणी ऐका. कंटाळा येईल, पण ऐकाच. नाहीतर तुलनेला अर्थ नाही.

वर्ष नेमकं कुठलं?

‘रोटी कपडा और मकान’ आला १९७४ मध्ये, पण त्यातलं महागाईचं गाणं बिनाका गीतमाला या रेडिओवरच्या लोकप्रिय गाण्यांच्या कार्यक्रमाच्या १९७५ च्या वार्षिक यादीत पहिलं आलं. ‘शोले’ १५ ऑगस्ट १९७५ चा. त्याच्या गाण्यांना त्या यादीसाठी वेळच कमी मिळाला.

मराठीत गुंता आणखी वाढतो. ‘जोगवा’ चित्रपटगृहात लागला २००९ मध्ये. पण अजय-अतुल यांना संगीतासाठी आणि हरिहरन, श्रेया घोषाल यांना ‘जीव रंगला’साठी मिळालेले राष्ट्रीय पुरस्कार २००८ चे आहेत, कारण तिथे सेन्सॉर प्रमाणपत्राचं वर्ष धरतात. ‘नटरंग’ लागला १ जानेवारी २०१० ला. एक दिवस आधी लागला असता तर ‘जोगवा’ आणि ‘नटरंग’ दोन्ही २००९ च्या खात्यात गेले असते! म्हणून प्रदर्शन, प्रमाणपत्र की ध्वनिफीत, कुठली तारीख धरायची ते वाद सुरू होण्याआधीच ठरवा.

खप म्हणजे दर्जा नव्हे

तबकड्यांचा खप आणि यूट्यूबवरचे व्ह्यूज यांची तुलना होऊच शकत नाही. एकच माणूस तेच गाणं शंभरदा लावू शकतो.

आवाजाची पातळी

नवी गाणी बऱ्याचदा मोठ्या पातळीवर मास्टर केलेली असतात, म्हणजे अंतिम ध्वनिप्रत तयार करतानाच त्यांचा आवाज चढवलेला असतो, आणि मोठा आवाज कानाला आधी चांगला वाटतो. दोन्ही गाणी सारख्याच आवाजात ऐका. जुनं गाणं खरखरणाऱ्या प्रतीवरून ऐकून निकाल देऊ नका. पन्नाशीच्या दशकातलं असेल तर चित्रपटातलं रूपही ऐका: मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटं मावायची, त्यामुळे काही गाण्यांचे अंतरे कापले गेले.

सगळ्याला एकच गुण

शब्द, चाल, वाद्यमेळ आणि गायकी यांना वेगवेगळे गुण द्या. एखाद्या वर्षी चाली उत्तम आणि शब्द पोकळ असतात. शिवाय जातकुळी सांभाळा. ‘नटरंग’मधली लावणी ‘वाजले की बारा’ तोलायची तर सुलोचना चव्हाण यांच्या लावण्यांशी तोला, भावगीताशी नको.