‘डस्टी इन मेम्फिस’ कसा ऐकायचा: एका डॉल्बीवाल्याचा सल्ला

सगळ्यात आधी फोनच्या सेटिंगमध्ये जा आणि बेस बूस्ट बंद करा. माझं मंगळवार पेठेत साउंड सर्व्हिसचं दुकान आहे, आणि मी कुणाला तरी बेस कमी करायला सांगतोय हे आमच्या पोरांनी ऐकलं तर हसून लोळतील. पण डस्टी स्प्रिंगफील्ड या गायिकेचा हा अल्बम ऐकायचा तर पहिलं काम हेच. यातला बेस गिटारवाला टॉमी कॉगबिल सूर धरून बसत नाही. दोन-तीन स्वर टाकतो, थांबतो, पुन्हा टाकतो. बूस्ट चालू असला की या स्वरांमधली मोकळी जागा गुरगुरण्यानं भरून जाते, आणि गाणं त्या जागेतच तर आहे.

दुसरं काम, एकच ब्लूटूथ डबा वापरू नका. दोन स्पीकर लावा, नाहीतर दोन्ही कानांत इअरफोन घाला. एक कान मोकळा ठेवून ऐकायची आपल्याकडे सवय आहे, गाडीवर तर सर्रास. ही रेकॉर्ड स्टिरिओ आहे, त्यामुळे अर्धा माल बाहेरच राहील. आणि आवाज किती ठेवायचा? स्वयंपाकघरात फोडणी पडलेली ऐकू यावी इतपतच. वेळ म्हणाल तर रात्री दहानंतरची. आम्हाला दहा वाजता स्पीकर बंद करावे लागतात, आणि गल्ली शांत झाल्यावर डस्टीचा श्वाससुद्धा ऐकू येतो.

आता बाई कोण ते थोडक्यात. खरं नाव मेरी ओब्रायन, जन्म लंडनचा, १९३९ सालचा, आईवडील आयरिश कॅथलिक. डोक्यावर उंच फुगवलेले सोनेरी केस, डोळ्यांत ढीगभर काजळ. साठच्या दशकात इंग्लंडात तिची गाणी जोरात चालली, पण जीव अडकला होता अमेरिकेतल्या काळ्या गायक-गायिकांच्या सोल संगीतात. नुसती आवड नव्हती. १९६४ साली दक्षिण आफ्रिकेत गोऱ्या-काळ्यांना वेगळं बसवून कार्यक्रम करायला तिनं नकार दिला, तेव्हा तिला त्या देशातून बाहेर काढलं. शाहू महाराजांच्या गावात राहणाऱ्याला यापुढं तिची वेगळी ओळख करून द्यायची गरज नाही.

१९६८ मध्ये ती अटलांटिक या रेकॉर्ड कंपनीसाठी रेकॉर्डिंग करायला अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात गेली, ‘अमेरिकन साउंड’ नावाच्या स्टुडिओत. हा किस्सा मी दुकानात येईल त्याला सांगतो, कारण आमच्या धंद्यातला आहे. निर्माते तीन: जेरी वेक्सलर, टॉम डाउड आणि आरिफ मार्डिन. (मार्डिन मूळचा इस्तंबूलचा. पुढं २००२ मध्ये रविशंकरांच्या मुलीचा, नोरा जोन्सचा पहिला गाजलेला अल्बम केला तोच हा.) वादक स्टुडिओचे घरचेच, एकमेकांच्या खुणा ओळखणारे. रेजी यंग गिटारवर, जीन क्रिसमन ड्रमवर. सगळं जुळून आलेलं, आणि बाईच घाबरली. सोलमधला मोठा गायक विल्सन पिकेट इथंच उभा राहून गायला, असं तिला कुणीतरी सांगितलं आणि तिचा आवाजच बसला म्हणतात. शेवटी वादकांचं काम मेम्फिसमध्ये उरकलं आणि तिचं गाणं नंतर न्यूयॉर्कला रेकॉर्ड झालं. अल्बमच्या नावात मेम्फिस आहे, पण तुम्ही ऐकता तो आवाज तिथला नाही.

न्यूयॉर्कला तरी सुटली का? हेडफोनमध्ये वादन एवढं मोठं करून मागायची, की स्वतःचा आवाज तिला स्वतःलाच ऐकू येत नसे, असं वेक्सलरनं नंतर सांगितलं आहे. स्टेजवर समोरचा मॉनिटर, म्हणजे गाणाऱ्याला त्याचाच आवाज ऐकवणारा स्पीकर, बंद पडला की आमचे ऑर्केस्ट्रातले गायक दुसऱ्या ओळीला सूर सोडतात. ही बाई मुद्दाम तशी उभी राहिली आणि सुरात गायली. एवढं डोक्यात ठेवून ऐकायला बसा.

सुरुवात ‘सन ऑफ अ प्रीचर मॅन’नं करा. तिसरं गाणं आहे, पण हेच एक तुम्ही कुठंतरी ऐकलेलं असणार, तेव्हा कानाची ओळख निघते. गोष्ट सोपी. धर्मोपदेशक घरी येतात, सोबत त्यांचा पोरगा. इकडं मोठी माणसं बोलत बसतात, तिकडं पोरगा हिला फिरायला घेऊन जातो. आपल्याकडं कीर्तनकार बुवांचा मुलगा म्हणा, पुढचं तुम्हाला कळलं. पहिल्यांदा फक्त सुरुवातीचं गिटार ऐका. दुसऱ्यांदा बेस. तिसऱ्यांदा मागं गाणाऱ्या बायका, त्या ‘स्वीट इन्स्पिरेशन्स’. डस्टी पुढं किती कमी गाते आणि मागच्या बायका किती भरून काढतात, ते तेव्हा दिसतं. हे गाणं मुळात सोल गायिका अरेथा फ्रँकलिनला डोळ्यांपुढं ठेवून लिहिलेलं. तिचे वडील स्वतःच धर्मोपदेशक. तिनं आधी नको म्हटलं, डस्टीनं घेतलं, ते इंग्लंडात नवव्या आणि अमेरिकेत दहाव्या क्रमांकापर्यंत गेलं.

आता पहिल्यापासून लावा आणि मध्ये हात लावू नका. ‘जस्ट अ लिटल लव्हिन’ सकाळचं गाणं आहे: दिवस सुरू करायला कॉफीपेक्षा थोडं प्रेम बरं. आपण चहावाले, तरी पटतं. ‘सो मच लव्ह’ ठीक आहे. त्याच्या शेवटाकडं ती आवाज उघडते तेवढा लक्षात ठेवा, कारण पुढं बराच वेळ तो झाकून ठेवणार आहे.

चौथं गाणं, ‘आय डोन्ट वॉन्ट टू हिअर इट एनीमोअर’, याला मात्र वेळ द्या. रँडी न्यूमननं लिहिलेलं आहे. एका गरीब वस्तीत लाकडी इमारत, लहान लहान खोल्या, आणि भिंती इतक्या पातळ की शेजारच्यांचं बोलणं आत येतं. ते बोलतायत हिच्याच नवऱ्याबद्दल, म्हणजे ज्याच्यावर हिचा जीव आहे त्याच्याबद्दल: तो काही हिच्यावर प्रेम करत नाही. मी शुक्रवार पेठेतल्या वाड्यात वाढलो. मध्ये फळीची भिंत, पलीकडं दुसरं बिऱ्हाड. ताटलीचा आवाजसुद्धा कुणाच्या घरचा ते कळायचं, आणि बायका हळू आवाजात बोलायला लागल्या की विषय कुणाचा तेही. हे गाणं मला इंग्लिश वाटलंच नाही कधी.

पण ऐकायचं काय? शेजाऱ्यांचं बोलणं सांगताना ती जवळजवळ बोलतेच, गात नाही. रडत नाही, शब्द ओढत नाही. मग नको मला हे ऐकायला, असं म्हणायची वेळ येते तेव्हा मागं व्हायोलिनं चढतात, आणि आपल्याला वाटतं आता ही ओरडणार. ती थोडीशी वर जाते आणि परत येते. एखादी गायिका इथं छप्पर उडवेल. माझ्या हातात मिक्सर असता तर मीही इथं तिचा आवाज वाढवला असता, तसं केलं असतं तर गाणं गेलं असतं. हे एक गाणं पाठोपाठ दोनदा लावायला माझी हरकत नाही. बाकीच्यांना लावू नका.

पाचवं झालं की थांबा. उठा, पाणी प्या.

पुढं ‘ब्रेकफास्ट इन बेड’. एक माणूस रडवेला होऊन हिच्या दारात येतो. दुसरीनं दुखावलेला आहे, आणि ही त्याला आत घेते. त्यात एका ओळीत ती म्हणते, माझ्यावर प्रेम आहे असं म्हणायची गरज नाही. १९६६ मध्ये इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर गेलेलं तिचंच गाणं याच शब्दांचं होतं, ‘यू डोन्ट हॅव टू से यू लव्ह मी’. तिथं ती हे वाक्य पूर्ण ताकदीनं, हात जोडल्यासारखी गायली होती. इथं तेच वाक्य सहज निघून जातं. जुनं गाणं शोधून दोन्ही लागोपाठ ऐका. दोन वर्षांत बाई कुठं पोचली ते कळेल, आणि त्यासाठी कुणाचं समीक्षण वाचायला नको.

‘द विंडमिल्स ऑफ युअर माइंड’ पहिल्या खेपेला सोडलं तरी चालेल. १९६८ च्या एका सिनेमातलं, ऑस्कर मिळालेलं गाणं आहे. चाल छान, पण शब्दांची नुसती चक्रं फिरत राहतात आणि मेम्फिसच्या वादकांना त्यात फारसं काम नाही असं मला वाटतं. आमच्या भाच्याला नेमकं हेच आवडतं. असू दे.

शेवटची दोन मात्र तोडू नका. ‘नो ईझी वे डाउन’ आणि ‘आय कान्ट मेक इट अलोन’, दोन्ही कॅरोल किंग आणि जेरी गॉफिन यांनी लिहिलेली. पहिल्यात वर चढलेल्याला खाली यायची सोपी वाट नाही, आणि दुसऱ्यात ती सरळ सांगते की एकटीनं जमत नाही. चौथ्या गाण्यापासून धरून ठेवलेला आवाज इथं सुटतो. मधूनच इथं उडी मारली तर नुसती मोठ्यानं गाणारी बाई ऐकू येईल.

इंग्रजी शब्द सगळे कळले पाहिजेत असं नाही. दोन-तीनदा ऐकून झाल्यावर शब्द समोर ठेवा, आधी नको. आधी वाचलं की कान वाचायला लागतात.

एक सावधगिरी. अॅपवर शोधलं तर वाढीव आवृत्त्या निघतात, ढीगभर जास्तीच्या गाण्यांसह. मूळ अल्बम अकरा गाण्यांचा, अर्ध्या तासाच्या जरा वर. अकरावं संपलं की बंद करा. आपोआप पुढचं लागायचं बटणही आधीच बंद करून ठेवा, नाहीतर शेवट झाल्या झाल्या भलतंच काहीतरी सुरू होतं.

१९६९ मध्ये निघाला तेव्हा हा अल्बम फारसा खपला नाही. अमेरिकेत ९९ व्या क्रमांकावर अडकला. २०२० मध्ये अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयानं जतन करायच्या ध्वनिमुद्रणांच्या यादीत त्याला घेतलं. तोवर डस्टीला जाऊन वीस-एकवीस वर्षं झाली होती.

हा पचला की मग अरेथानं नंतर गायलेलं ‘सन ऑफ अ प्रीचर मॅन’ लावा. तिच्या गाण्यात देवळाचा दरवाजा उघडा आहे, डस्टीच्यात घराचा मागचा. त्यानंतर डस्टीचाच १९७० चा, फिलाडेल्फियात केलेला ‘अ ब्रँड न्यू मी’. तो जरा हलका आहे, दिवसाही चालतो, आणि त्याला बेस थोडा वाढवला तरी मी काही म्हणणार नाही.